मला ठाऊक आहे, पण तिला?

मैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवशी मुलं घरात असली की आपल्याला दोनच काळज्या असतात. एक, ती मोबाइलला चिकटून बसतील. आणि दुसरी, चिकटून बसली नाहीत तर घर डोक्यावर घेतील. या दोन्हींच्या मधला एक तिसराच प्रकार गेल्या वर्षापासून आमच्याकडे सुरू झाला आहे. दर रविवारी दुपारी तीन ते सहा बैठकीच्या खोलीत पाच जण गोल करून बसतात. मध्ये सतरंजीवर वह्या, पेन्सिली, चित्रविचित्र आकारांचे फासे आणि मला न विचारता काढलेली चिवड्याची परात. मोबाइल बंद, टी.व्ही. बंद. आणि तरीही खोलीत राक्षस, भुयारं, खजिने, सगळं हजर!

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. डंजन म्हणजे तळघर, अंधारकोठडी. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो, त्यानं हे खूळ आणलं. साहजिकच तो झाला खेळाचा सूत्रधार. बाकी मंडळी म्हणजे आमची नववीतली लेक, तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी आणि शेजारच्या बिऱ्हाडातला सहावीतला छोटू. 'मलाही घ्या ना' म्हणत हा छोटू महिनाभर दारात उभा राहिला, तेव्हा कुठे त्याची वर्णी लागली.

मला आधी वाटलं, सापशिडीचाच कुणी भाऊबंद असेल. पण यात पट नसला तरी चालतं, सोंगट्या नसल्या तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे कुणी जिंकत नाही की हरत नाही. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. त्याचं नाव, गाव, स्वभाव ठरवायचा. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि चारचौघांवर छाप पाडण्याची कला, असे त्याचे सहा गुण आकड्यांत मांडायचे. मग सूत्रधार प्रसंग सांगतो, "समोर दोन वाटा आहेत. डावीकडून कुबट वास येतोय. काय करता?" ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्या वतीनं उत्तर द्यायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडेल त्या आकड्यात पात्राच्या गुणाप्रमाणे थोडी भर किंवा थोडी वजावट करायची. ठरलेला आकडा गाठला तर जमलं, नाही तर फसलं!

आमच्या लेकीचं पात्र म्हणजे तुळजा. डोंगरातल्या पाड्यावर वाढलेली लाकूडतोड्याची पोर. कमरेला तलवार, अक्षराशी वैर, बुद्धीचा आकडा बेताचा, पण काळीज वाघाचं. गंमत पाहा, लेक माझी वर्गात पहिल्या पाचांत, आणि रविवारचे तीन तास ती अडाणी होऊन बसते! या खेळातली खरी मेख इथंच आहे, आणि तिच्याविषयी तुमच्याशी बोलावं म्हणूनच आज कामं उरकून लिहायला बसले आहे.

मेख अशी, की खेळणाऱ्याला जे ठाऊक असतं ते सगळंच त्याच्या पात्राला ठाऊक नसतं. मग खेळताना वापरायचं कुणाचं ज्ञान?

नाटकात आपल्याला हे सहज कळतं. कर्ण हा कुंतीचा थोरला मुलगा, हे प्रेक्षकांना ठाऊक असतं. अर्जुनाचं काम करणाऱ्या नटालाही ठाऊक असतं. पण अर्जुनाला ते युद्ध संपेपर्यंत कळत नाही. नटानं ऐन रणांगणात "अहो, हा तर माझा दादा!" म्हणून धनुष्य खाली ठेवलं, तर नाटकाचं हसं होईल. पण नटाचं एक बरं असतं. त्याची वाक्यं नाटककारानं आधीच लिहून दिलेली असतात. आमच्या सतरंजीवरच्या मंडळींना वाक्यं कुणी लिहून देत नाही. इथं नट तोच, नाटककार तोच, आणि बाण सोडायचा की नाही हे त्या घटकेला ठरवायचं तेही त्यानंच. पात्राला ठाऊक नसलेली माहिती वापरून पात्राचा फायदा करून घ्यायचा, याला या खेळातले लोक 'मेटागेमिंग' म्हणतात. आमची मंडळी त्याला म्हणतात 'चोरटं ज्ञान'. मला हा शब्द फार आवडला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे चोरटं ज्ञान आमच्या घरात असं काही ठाण मांडून बसलं, की आठवडाभर हलेना.

मंडळी एका दरीवरच्या दोरखंडाच्या पुलापाशी पोचली होती. रात्रीची वेळ. तेवढ्यात पाठीमागून आला ट्रोल. मोबाइलवर लोकांना टोचून बोलत हिंडतो तो ट्रोल नव्हे हं! हा जुन्या युरोपी कथांमधला, हिरवट कातडीचा, लांबलचक हातांचा राक्षस. याची खोड अशी, की कितीही वार करा, जखमा बघता बघता भरून येतात. २०१४ सालच्या राक्षसांच्या पुस्तकात त्याचा चोख हिशेब दिला आहे. अंगात ८४ गुणांची जीवनशक्ती, आणि दर फेरीला त्यातले १० गुण परत. त्याच्यावर उपाय दोनच, आग नाही तर ॲसिड. पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाची 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' ही कादंबरी १९६१ साली पुस्तकरूपानं आली, तिच्यातून हा ट्रोल या खेळात शिरला.

आता आमच्या लेकीनं भाच्याच्या कपाटातलं ते पुस्तक सुट्टीत अथपासून इतिपर्यंत वाचून काढलेलं. तिला उपाय पाठ! मैत्रिणींना ठाऊक नाही, छोटूला तर नाहीच. आणि तुळजाच्या डाव्या हातात पेटलेली मशाल.

तीन फेऱ्या झाल्या. तलवारीचे वार होत होते आणि भरून येत होते. छोटूचं पात्र म्हणजे महिन्यापूर्वीच जन्माला आलेला एक बुटका चोर, तो बिचारा शेवटच्या दोन-चार गुणांवर आला. छोटूचे डोळे भरलेले मला दिसले. मी आत मेथी निवडत होते, ती तशीच टाकून दारात येऊन उभी राहिले. लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता, जणू खरीच मशाल तिच्या हातात आहे आणि ती ठेवायची कुठे हेच तिला समजत नाही.

मग तिनं सूत्रधाराला विचारलं, "दादा, हा कशानं मरतो ते तुळजाला ठाऊक असेल का?"

"का असावं?"

"त्यांच्या पाड्यावर म्हाताऱ्या बायका गोष्टी सांगत असतील. रात्री शेकोटीभोवती."

भाच्यानं जरा विचार केला. "असतील. पंधरा हवेत. टाक फासा."

मध्यम अवघड गोष्टीला पंधराच लागतात हे नियमपुस्तकातच आहे, तेव्हा पक्षपात झाला असं म्हणायची सोय नाही. फासा गडगडत गेला आणि चिवड्याच्या परातीला आपटून थांबला. सहा! त्यातून तुळजाच्या बुद्धीपायी एक वजा. पाच! म्हणजे तुळजाला ठाऊक नाही. आणि लेकीला ठाऊक आहे. आता?

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुळजा सगळ्यांना ओरडून सांगते, पूल ओलांडून पळा. ती एकटी पुलाच्या तोंडाशी उभी राहते."

"आणि मशाल?"

"मशाल ती छोटूच्या चोराला देते. अंधारात त्याला वाट दिसायला हवी ना."

बाकीची पात्रं वाचली. तुळजा पाचव्या फेरीला पडली. आठ महिने वाढवलेलं पात्र, अर्धी वही भरून लिहिलेली तिची कहाणी, एका दुपारी संपली. रात्री लेक जेवली नाही. "मेली ना ती," एवढंच म्हणाली.

खरी गंमत पुढेच आहे. दोन दिवसांनी छोटूनं ते राक्षसांचं पुस्तक मागून नेलं, आणि संध्याकाळी तावातावानं आला. "ताई, तुला ठाऊक होतं? आग लावली असती तर मेला असता तो! मग सांगितलं का नाहीस?"

"मला ठाऊक होतं रे. तुळजाला नव्हतं."

"पण तू तर तूच आहेस ना!"

मैत्रिणींनो, सहावीतल्या पोरानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. तू तर तूच आहेस ना! झालं, दोघांचं बोलणं बंद. घरातही तट पडले. सासूबाई छोटूच्या बाजूनं. "लहान पोराच्या डोळ्यांत पाणी आणायचं म्हणजे कसलं बाई तत्त्व! ठाऊक असेल ते सांगावं." आमचे 'हे' लेकीच्या बाजूनं. "परीक्षेचा पेपर चुकून आधी हाती आला, तरी आपण आपल्याला येतं तेवढंच लिहावं. तसंच हे."

मला दोन्ही पुरतेपणी पटेनात. परीक्षेचा दाखला इथं लागू पडत नाही. परीक्षेत फायदा आपल्या एकट्याचा असतो. इथं गप्प राहण्याची किंमत छोटूलाही मोजावी लागली असती. आणि दुसरं असं, की एकदा कळलेलं नकळतं करायचं कसं? दुधात विरघळलेली साखर काही चमच्यानं काढून घेता येत नाही. विचार करून पाहा. ज्या माणसाला काहीच ठाऊक नाही, तोसुद्धा तिसऱ्या फेरीला घाबरून हातातली मशाल राक्षसाच्या अंगावर फेकेलच की! त्यानं फेकली तर ती समयसूचकता, आणि ठाऊक असणारीनं फेकली तर चोरी. बरं, ठाऊक असणारीनं मुद्दाम फेकली नाही, तर तेही त्या ठाऊक असण्यापायीच. किती फेऱ्या तलवार चालवली म्हणजे अज्ञान पुरेसं सिद्ध होतं? दोन? चार? ज्ञान वापरलं तरी ते मधे येतं, आणि लपवलं तरी मधे येतंच. या खेळातली ही जुनी गाठ आहे, आणि ट्रोलचा दाखला तर त्यासाठी ठरलेलाच आहे म्हणे.

भाच्याकडून आणि त्याच्या पुस्तकांतून मी याची थोडी मागची कथाही काढली. हा वाद खेळाच्याही आधीपासूनचा निघाला. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात फोन राइसविट्स नावाच्या एका अधिकाऱ्यानं नकाशावर खेळायचा एक युद्धखेळ तयार केला. त्यात दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी आपले हुकूम लेखी द्यायचे, आणि मधल्या पंचानं ज्या बाजूच्या सैनिकांना जे दिसलं असतं तेवढंच त्या बाजूला दाखवायचं. टेकडीआडची फौज टेकडीआडच राहायची. किती सुंदर युक्ती! तिथं कुणाला प्रामाणिकपणे 'नकळतं' व्हावं लागत नव्हतं. पंचच काय ते झाकून ठेवत होता.

पुढे अमेरिकेत युद्धखेळांचं वेड असलेल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिल्या छपाईत अवघ्या १,००० प्रती होत्या. त्या काळात खेळणाऱ्याचं स्वतःचं डोकं चालणं हीच मोठी कर्तबगारी मानत. गायगॅक्सनं रचलेलं 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचं एक भयंकर थडगं १९७५ साली एका मेळाव्यात स्पर्धेसाठी मांडलं गेलं. तिथं पात्राच्या बळाचा फारसा उपयोग नव्हता. खेळणारा किती सावध आणि चतुर, याचीच कसोटी होती. पण त्याच गायगॅक्सनं १९७९ च्या सूत्रधारांच्या पुस्तकात, खेळाडूंनी हे पुस्तक उघडू नये अशी तंबीही दिली. म्हणजे डोकं लढवा, पण चोरून वाचू नका! जास्त वाचणाऱ्यांना चकवा देणारेही राक्षस निघाले. एक नुसता वायूनं फुगलेला गोळा आहे. तो दिसतो अगदी एका भयंकर अनेक डोळ्यांच्या राक्षसासारखा. 'मी ओळखलं याला' म्हणत जो पुढे होऊन वार करतो, त्याच्या तोंडावरच तो गोळा फुटतो!

हळूहळू वारं बदललं. पात्र म्हणजे नुसती सोंगटी नव्हे, ते एक माणूस आहे, त्याला त्याच्या वकुबानं जगू द्यावं, असं म्हणणारे वाढले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर धर्म, निसर्ग, जादू वगैरे विषयांतलं पात्राचं ज्ञान वेगवेगळं आकड्यांत मांडलं गेलं. लेकीनं टाकलेला तो फासा याच परंपरेतला. आणि १९८४ साली निघालेल्या 'पॅरानोया' नावाच्या दुसऱ्या एका खेळानं या सगळ्याची टर उडवली. त्यात खेळाचे नियम आपल्याला येतात असं खेळाडूनं दाखवणं हाच राजद्रोह! हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नव्या सुनेसारखंच की! सगळं यायला हवं, पण येतं असं दिसता कामा नये." आम्ही सगळे खूप हसलो.

हसण्यावारी न्यावं असं हे सगळं नाही, हे मला माझ्या वर्गात उमजलं. मी सकाळच्या वेळी तीन तास एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. सातवीच्या वर्गावर पानिपत आलं की दरवर्षी मुलं त्वेषानं सांगतात, "बाई, भाऊसाहेबांनी कुंजपुऱ्याला जायलाच नको होतं!" बरोबर आहे. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते मुलांना पाठ आहे. पण ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंना ते ठाऊक नव्हतं. यमुना भरून वाहत होती, ती ओलांडून अब्दाली अलीकडे येईल असं वाटत नव्हतं, आणि कुंजपुऱ्यात शत्रूचा दाणागोटा होता. भाऊंनी कुंजपुरा जिंकलाही. मग बागपतजवळ अब्दालीनं नदी ओलांडली आणि दक्षिणेची वाट तुटली. आपण वर्गात बसून भाऊंना शहाणपण शिकवतो, ते सगळं चोरटं ज्ञान!

या वर्षी मी निराळं केलं. वर्गाचे दोन भाग केले, एक मराठे, एक अब्दाली. दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या दिल्या. त्या दिवशी ज्याला जे ठाऊक होतं तेवढंच तिच्यात. मग म्हटलं, "सांगा, आता काय कराल?" मराठ्यांच्या बाजूच्या बहुतेक मुलांनी कुंजपुऱ्याचीच वाट धरली. नंतर फळ्यावर दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्यांना दिसतच नव्हतं." मला वाटतं, दुसऱ्याला समजून घेणं म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. आपल्याला जे दिसतं ते क्षणभर बाजूला ठेवायचं आणि त्याला किती दिसतंय ते बघायचं.

पण छोटूचा प्रश्न उरतोच. तू तर तूच आहेस ना!

तो प्रश्न मला एका वेगळ्याच ठिकाणी भेटला. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घराशी आमचा वेगळ्या ओळखीतून घरोबा आहे. त्याच्या वडिलांचं काम सुटलं आहे हे मला त्याच्या आईनं स्वयंपाकघरात, पदर डोळ्यांना लावून सांगितलं. "शाळेत कळू देऊ नका हं," असंही म्हणाली. आठवड्यानं सहलीचे पैसे गोळा करायची वेळ आली. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मला नाही यायचं, मला गाडी लागते." मैत्रीण म्हणून मला सगळं ठाऊक. वर्गाची बाई म्हणून मला काहीच ठाऊक नाही. त्याला बाजूला घेऊन "मला सगळं कळलंय रे" म्हणावं, तर त्याच्या आईचा विश्वास मोडला. गप्प बसावं, तर पोर सहलीला मुकलं. मीच ती, पण कुणाचं ज्ञान वापरू?

अशा वेळी मला तुळजाची मशाल आठवली. लेकीनं काय केलं होतं? चोरटं ज्ञान वापरलं नाही, पण हात बांधून उभीही राहिली नाही. ज्या तुळजाला काहीच ठाऊक नाही, तिनंसुद्धा जे केलं असतं, असं एक चांगलं काम तिनं शोधून काढलं. पाठीशी लहान आहे, तर आपण पुढे उभं राहावं. अंधार आहे, तर उजेड त्याच्या हाती द्यावा. याला आगीचं गुपित ठाऊक असावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन साऱ्या वर्गाला सांगितलं, की सहलीचे पैसे तीन हप्त्यांत दिले तरी चालतील, आणि सहलीची वही, चित्रं, हजेरी सांभाळायला दोन मदतनीस लागतील, त्यांना पैसे नाहीत. ज्या बाईला कुणाच्या घरचं काहीही ठाऊक नाही, तीसुद्धा एवढं करू शकते. मदतनीस म्हणून पाच हात वर झाले, त्यांत तो एक होता. गाडी लागल्याचं त्याला आठवलं नाही.

इकडे भाच्याशी मात्र माझा वाद अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, "मावशी, मशाल छोटूच्या हातात देणं हेसुद्धा चोरटंच. तिला वाटलं असणार, मला नाही फेकता येत, तर ज्याला ठाऊक नाही त्याला तरी फेकू दे!" आणि खरंच, छोटूनंही आठवड्यानं तोंड उघडलं ते याच मुद्द्यावर. "ताई, मशाल तर माझ्याच हातात होती! मला सुचलं असतं तर?" लेक म्हणाली, "तर तू जिंकला असतास. तुझं तू." मी तिला एकटीला गाठून विचारलं, खरं काय ते. "आई, त्याला वाट दिसायला हवी होती," एवढंच उत्तर. मी पुढे खोदलं नाही.

तुमच्या घरीही मुलं असा खेळ मांडत असतील, किंवा पुढे मांडतील, तर अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगून ठेवते. पहिली, खेळ सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावं, की सगळ्यांनी मिळून डोकं लढवायचं आहे की ज्यानं त्यानं पात्राच्या वकुबात राहायचं आहे. दोन्ही प्रकार चांगले, भांडणं होतात ती न ठरवल्यामुळे. दुसरी, शंका आली की मनातल्या मनात निवाडा करू नये. 'माझ्या पात्राला हे ठाऊक असेल का?' असं मोठ्यानं विचारावं. विचारलेलं ज्ञान चोरटं राहत नाही. तिसरी सूत्रधारासाठी. सगळ्यांनी वाचलेला राक्षस आणायचा आणि वर प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायची, यात काय शहाणपण? राक्षसच बदलावा. आमच्या भाच्यानं पुढच्या खेपेला दिसायला तस्साच ट्रोल आणला, पण तो आगीला भीक घालीना. लेकीचं सगळं पाठांतर वाया! तो शेवटी मिठानं विरघळला, आणि ते शोधून काढलं छोटूनं. त्याच्या चोरानं कुठल्याशा खानावळीतून मिठाची पुरचुंडी लांबवली होती. चौथी गोष्ट मोठ्या भावंडांना सांगावी. लहानग्यासमोर उत्तर फेकू नये आणि त्याला तोंडघशीही पडू देऊ नये. त्याचं त्याला सापडेपर्यंत शेजारी उभं राहावं.

लेकीनं आता नवं पात्र घेतलं आहे. ही म्हणे ग्रंथालयात वाढलेली, भरपूर वाचलेली, पण घराबाहेर कधी न पडलेली मुलगी. "आता निदान पुस्तकातलं तरी वापरता येईल," असं तिचं म्हणणं. सासूबाई मात्र अजूनही छोटूच्याच पक्षात आहेत, आणि 'हे' लेकीच्या. तुमच्या घरी कोण कुणाच्या बाजूनं उभं राहतं ते जेवणाच्या पानावर विचारून पाहा. आणि मला जरूर कळवा बरं का!